वजनाच्या ऑपरेशनसाठी सर्जन आणि हॉस्पिटल कसं निवडावं : नाशिककरांसाठी पायरीपायरीने

चार वर्षांपूर्वी माझं वजन १०४ किलो होतं, उंची १५७ सेंटिमीटर. इंदिरानगरहून शाळेत जाताना रिक्षात चढायलाही दम लागायचा. शुगरच्या गोळ्या दोनाच्या चार झाल्या होत्या. रात्री घोरता घोरता माझा श्वास मध्येच अडकायचा, म्हणून आमचे हे धड झोपत नसत. अशा वेळी वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी एका हॉलमध्ये भरलेल्या मोफत शिबिराला गेले. वीस मिनिटांत ऑपरेशन कोणतं ते ठरलं, तारीखही ठरली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, आजच दहा हजार भरलेत तर पॅकेजमध्ये सूट मिळेल." सर्जन माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते, तरी मी पैसे भरले. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. तारीख रद्द केली. ते पैसे काही परत मिळाले नाहीत.

त्यानंतर तीन महिने मी नीट शोध घेतला, चार सर्जनना भेटले आणि मग ऑपरेशन करून घेतलं. आता ओळखीतल्या बायका, त्यांचे भाऊ, दीर विचारायला येतात. दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही. कोणतं ऑपरेशन करायचं हे तुमचे डॉक्टर सांगतील. डॉक्टर कोण असावेत हे कसं ठरवायचं, तेवढंच मी सांगू शकते.

पहिली पायरी : स्वतःचा आकडा आणि स्वतःची फाइल

सर्जनकडे जाण्याआधी घरी बसून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. माझं १०४ भागिले १.५७, पुन्हा भागिले १.५७, उत्तर ४२ च्या थोडं वर. ऑपरेशनसाठी अनेक वर्षं बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार, असा नियम होता. २०२२ मध्ये एका अमेरिकी आणि एका जागतिक संघटनेने मिळून तो बदलला. आता ३५ च्या वर इतर आजार असो-नसो ऑपरेशनचा सल्ला देता येतो, ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करता येतो. आपल्यासारख्या आशियाई लोकांमध्ये कमी वजनालाच शुगर आणि हृदयाचा त्रास सुरू होतो, त्यामुळे आपल्यासाठी हा उंबरठा २७.५ इतका खाली आणला आहे.

विम्याचा हिशोब मात्र वेगळा आहे, आणि इथे बरेच जण फसतात. मेडिक्लेममध्ये हे ऑपरेशन बसायला विमा नियामकाच्या प्रमाणित अटी अशा : वय किमान १८, डॉक्टरांचा लेखी सल्ला, बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा आजार) किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय आधी साधे उपाय करून पाहिले आणि ते फसले, हे दाखवावं लागतं. म्हणून जुन्या डाएटिशियनची पावती, फॅमिली डॉक्टरांनी वजन लिहिलेले कागद, शुगरचे जुने रिपोर्ट, काहीही टाकून देऊ नका. माझ्या क्लेमला २०१८ चा एक चुरगळलेला कागद उपयोगी पडला. पॉलिसीत या ऑपरेशनसाठी किती वर्षांचा प्रतीक्षाकाळ आहे, तेही आधीच वाचून ठेवा.

आणखी एक. २०२५ पासून मौंजारो आणि वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आपल्याकडे मिळतात. "मला आधी इंजेक्शन घेऊन पाहता येईल का?" हा प्रश्न सर्जनला विचारायला संकोचू नका. जो सर्जन चिडत नाही, तुमच्यासाठी इंजेक्शन कुठवर पुरेल आणि ते बंद केल्यावर काय होतं हे शांतपणे सांगतो, त्याचं नाव यादीत ठेवा. आधीच इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगाच. त्याने पोट सावकाश रिकामं होतं, आणि भूल देताना ते धोक्याचं ठरू शकतं.

दुसरी पायरी : पाटीवरची अक्षरं

ही पायरी अर्ध्या तासात होते. डॉक्टरांचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधा, नोंदणी चालू आहे का पाहा. एम.एस. किंवा डी.एन.बी. ही पदवी जनरल सर्जरीची असावी. पुढे एफ.एन.बी. मिनिमल ॲक्सेस सर्जरी असेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण झालेलं असतं. बाकीची काही अक्षरं थोड्या दिवसांच्या अभ्यासक्रमांची असतात. ती असणं वाईट नाही, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. वजनाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची ओसी (OSSI) नावाची भारतीय संघटना आहे, तिचे सदस्य आहात का हेही विचारता येतं. आणि लायपोसक्शन म्हणजे वजनाचं ऑपरेशन नव्हे. त्यात कातडीखालची चरबी ओढून काढतात, मधुमेह त्याने हटत नाही. दोन्ही एकच असल्यासारखी जाहिरात दिसली तर ते दार सोडा.

तिसरी पायरी : नाशिकमध्येच, की मुंबई-पुण्याला?

यावर मी सगळ्यात जास्त विचार केला.

स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये पोटाचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही जास्त कापून काढतात आणि उरलेली नळी स्टेपलरने शिवतात. त्या शिवणीतून गळती झाली तर त्याला लीक म्हणतात. चांगल्या हातांत हे शंभरात एखाद्या पेशंटला, किंवा त्याहून कमी वेळा होतं. पण लीक पुष्कळदा डिस्चार्ज झाल्यावर, घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांत दिसतो. नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, पोटात दुखणं, दम लागणं. अशा वेळी काही तासांत त्याच सर्जनपर्यंत पोचावं लागतं. ऑपरेशन मुंबईत झालं असेल तर रात्री दोन वाजता कसारा घाट उतरायचा का, हा प्रश्न तुमच्या माणसांपुढे उभा राहतो. समृद्धीमुळे इगतपुरीपासून पुढचा रस्ता सोपा झालाय, तरी पहाटे मुंबईत पोचून बेड मिळेपर्यंतचा वेळ धरावाच लागतो.

म्हणून मुंबईला जाऊच नका असं मी म्हणत नाही. आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, हृदय कमजोर असेल, जुनं वजनाचं ऑपरेशन फसून पुन्हा करायचं असेल, तर जिथे अशा केसेस रोज होतात तिथे जाणंच शहाणपणाचं. फक्त जाण्याआधी नाशिकमधल्या एखाद्या सर्जनला किंवा पोटविकारतज्ज्ञाला भेटून विचारा : "मला त्रास झाला तर तुम्ही बघाल का?" आणि त्या दोघांची ओळख ऑपरेशनच्या आधीच करून द्या.

याच्या उलट प्रकारही नाशिकमध्ये आहे. मुंबई-पुण्याहून सर्जन महिन्यातून एक-दोनदा येतात, मुंबई नाका किंवा कॉलेज रोडच्या बाजूला कुठेतरी ओपीडी घेतात, ऑपरेशन करतात आणि संध्याकाळी परततात. यात काही उत्तम सर्जन आहेत. पण ते परत गेले की रात्री तुम्हाला कोण बघणार, त्याचं नाव विचारा आणि त्या माणसाला भेटा. तो स्वतः सर्जन आहे का? वजनाच्या ऑपरेशनचे पेशंट त्याने सांभाळलेत का? एके ठिकाणी मला उत्तर मिळालं, "आरएमओ असतात ना चोवीस तास." म्हणजे हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर असणारे साधे डॉक्टर. ते नाव मी यादीतून काढून टाकलं.

कळवण, सुरगाणा, पेठ, येवला, मालेगावकडून येणाऱ्यांनी डिस्चार्ज मिळाल्यावर लगेच गावी जाऊ नये. किमान आठ-दहा दिवस नाशिकमध्येच बहिणीकडे, भाच्याकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहावं. गावातल्या डॉक्टरांसाठी सर्जनकडून मराठीत किंवा इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून घ्यावी. त्यात एक गोष्ट आवर्जून असू द्या. ऑपरेशननंतर सतत उलट्या होत असतील तर बी-१, म्हणजे थायमिन, दिल्याशिवाय ग्लुकोजची सलाईन लावायची नाही. बी-१ आधीच संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. गावाकडे अशक्त पेशंट दिसला की पहिली बाटली ग्लुकोजचीच लागते.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या दिवसांत पंचवटी, द्वारका, सीबीएसकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. शक्य असेल तर तारीख त्यापासून दूर घ्या.

चौथी पायरी : पहिली भेट

सर्जनच्या खोलीत जाण्याआधी बाहेर नीट बघा. बिनहाताची रुंद खुर्ची आहे का? वजनकाटा २०० किलोच्या वर दाखवतो का? सिस्टरकडे बीपीचा मोठा पट्टा आहे का? लहान पट्टा जाड दंडाला लावला तर बीपी खोटंच जास्त येतं. ज्यांच्याकडे आमच्यासारखे पेशंट रोज येतात, त्यांच्याकडे हे सगळं सहज असतं. एका ठिकाणी मला हाताच्या खुर्चीत कसंबसं बसवलं आणि काटा १२० लाच संपत होता. तिथे वर्षाला किती ऑपरेशनं होत असतील ते मला विचारावंही लागलं नाही.

आत गेल्यावर चार गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथेच वहीत लिहा. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही स्वतः वजनाची किती ऑपरेशनं केलीत? (अमेरिकेतल्या मान्यतापद्धतीत पूर्ण दर्जाच्या केंद्राला वर्षाला किमान ५० ऑपरेशनं लागतात. इथे तसा कायदा नाही, पण अंदाजाला तो आकडा बरा.) त्यांत लीक किती, रक्तस्राव किती, परत थिएटरमध्ये किती जणांना घ्यावं लागलं? कोणी दगावलं का? आणि माझं ऑपरेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्हीच करणार का?

हे विचारताना माझा आवाज कापत होता. डॉक्टरांना असं विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आपल्याला वाटतं. ज्यांच्याकडून मी ऑपरेशन करून घेतलं ते डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लीक झालाय, ताई. पेशंट अठ्ठावीस दिवस ॲडमिट होते. दोनदा आत घ्यावं लागलं. आता बरे आहेत, पण ते दिवस मी विसरलेलो नाही." मग लीक झाला तर काय काय करतात, हे त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं. याआधीच्या एका सर्जनने सांगितलं होतं, "माझ्या हातून आजवर एकही कॉम्प्लिकेशन नाही." शेकडो ऑपरेशनं केलेल्या कोणाचंही असं असू शकत नाही. एकतर त्यांनी कमी केलीत, किंवा घरी गेलेल्या पेशंटचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत नाही.

या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एक ते तीन आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. तुमच्या वयात आणि तुमच्या आजारांसह तो आकडा किती, हे स्पष्ट विचारा. भेटीला नवरा, बायको, मुलगा, सासूबाई, जे कोणी रात्री तुमच्याजवळ राहणार असतील त्यांना बरोबर घेऊन जा. त्यांनाही हे ऐकू द्या.

तुम्ही काय सांगता तेही तितकंच महत्त्वाचं. मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल, तर लपवू नका. आपल्याकडच्या बायका मिश्रीला व्यसन धरत नाहीत, त्यामुळे "तंबाखू?" असं विचारलं की "नाही" म्हणून मोकळ्या होतात. बायपासनंतर (हृदयाचा नव्हे, पोटाची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात तो) मिश्रीनेही त्या जोडावर अल्सर होऊ शकतो. गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर घेत असाल तर तेही सांगा.

पाचवी पायरी : कोणतं ऑपरेशन, आणि का

स्लीव्ह, मोठा बायपास, मिनी बायपास ही तीन नावं सगळीकडे ऐकू येतील. बलून, म्हणजे पोटात फुगा ठेवणं, हा तात्पुरता उपाय आहे, बहुतेक प्रकारचे बलून सहा महिन्यांनी काढावे लागतात. मी एवढंच पाहायला सांगेन, की सर्जन तुमच्याकडे बघून ऑपरेशन ठरवतात, की आलेल्या प्रत्येकाला एकच सांगतात. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं जुनं असेल तर स्लीव्हनंतर ते वाढू शकतं, अशा वेळी बायपासचा विचार होतो. मधुमेह बराच जुना असेल तरी बायपासकडे कल असतो. पण बायपासमध्ये लोह, बी-१२, कॅल्शियम कमी पडण्याची भीती जास्त, त्यामुळे गोळ्या चुकवून चालत नाही. तपासणीत एन्डोस्कोपी, पोटाची सोनोग्राफी, टू-डी एको, थायरॉइड आणि घोरत असाल तर झोपेची तपासणी असायला हवी. एन्डोस्कोपी न करताच स्लीव्ह ठरवणाऱ्याला "का?" असं विचाराच. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर वाईट वाटून घेऊ नका. दुःखात खाण्याची सवय ऑपरेशनने जात नाही, ती आधी ओळखलेली बरी. माझ्या बाबतीत ती होती.

सहावी पायरी : हॉस्पिटल आतून बघा

सर्जन चांगले आणि इमारत अपुरी, असंही असतं. आयसीयू त्याच इमारतीत आहे का, रात्री सीटी स्कॅन होतो का, आणि त्या मशीनचं टेबल किती किलो पेलतं हे विचारा. पोटविकारतज्ज्ञ बोलावल्यावर येतात का आणि रक्ताची सोय कुठून, तेही. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधी भेटायचं आहे असं सांगा. स्लीप ॲप्निया असणाऱ्यांना ऑपरेशनच्या रात्री सीपॅप (झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन) लागतो, त्याची तयारी तेच करतात. हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या संस्थेची मान्यता असेल तर उत्तम, पण ती पाटी पाहून बाकीचे प्रश्न सोडू नका.

सातवी पायरी : डाएटिशियनची परीक्षा

सर्जनला तुम्ही वर्षातून मोजून चार वेळा भेटाल. डाएटिशियनशी मात्र दर आठवड्याला बोलावं लागतं, म्हणून मी तिला सर्जनइतकंच महत्त्व देते. पहिल्या भेटीत ब्रोकोली आणि ॲव्होकॅडोचा छापील तक्ता हातात पडला तर समजा, तुमचं घर तिने पाहिलेलं नाही. मी विचारलं होतं, "मॅडम, मिसळ कधी खाता येईल?" त्या म्हणाल्या, "तर्री आणि पाव विसरा. मटकीची उसळ मऊ शिजवून, पातळ करून दीड-दोन महिन्यांनी दोन चमचे, आणि चावून चावून." इतकं नेमकं उत्तर देणारी डाएटिशियन हवी.

दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोट वाटीएवढं झालेलं असतं. शाकाहारी घरात हे गणित सोपं नाही. मुगाचं घट्ट वरण, पनीर, घट्ट दही, सोयाबीन, चालत असेल तर अंडं, आणि सुरुवातीला प्रोटीन पावडर. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं. आणि उपवास! संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार. पहिल्या वर्षी साबुदाण्यावर दिवस काढला तर प्रथिनं जवळजवळ शून्य जातात. माझ्या सासूबाईंना हे मी समजावलं असतं तर पटलं नसतं. डाएटिशियननी त्यांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःच माझी संकष्टी सोडवली. घरातल्या मोठ्यांशी बोलायची जिची तयारी आहे, तिची निवड करा.

तरुण मुलींनी आणखी एक विचारावं. पीसीओडी असेल तर वजन उतरल्यावर पाळी सुरळीत होते आणि दिवस लवकर राहू शकतात. पण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं असतं, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं झालं का, हे क्लिनिकने स्वतःहून विचारलं तर ती माणसं पुढचा विचार करतात असं समजायला हरकत नाही.

आठवी पायरी : पैसे

पॅकेज हा शब्द ऐकला की लेखी अंदाज मागा. त्यात स्टेपलरची काडतुसं (शिवणीच्या पिना भरलेले भाग) किती धरली आहेत, जास्त लागली तर कोण भरणार, आयसीयूचा दिवस वाढला तर काय, एक वर्षाच्या डाएटिशियनच्या भेटी आत आहेत का, हे सगळं लिहून घ्या. काडतुसं नवीन, सीलबंद आहेत आणि त्यांची स्टिकरं फाइलमध्ये लागतील का, हे विचारा. बिल कमी करायला सगळ्यात सोपी जागा तीच असते, आणि शिवणीचा सगळा भरवसाही तिच्यावरच असतो. कॅशलेसची मंजुरी हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. आणि आज भरलं तरच सूट, असं सांगणाऱ्याला एकही रुपया देऊ नका.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनचे तपशील असलेला कागद मागून घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं मिळणं हा पेशंटचा हक्क आहे.

नववी पायरी : जुन्या पेशंटला भेटा

क्लिनिक तुम्हाला सहा महिन्यांपूर्वीच्या पेशंटचे फोटो दाखवेल. सहा महिन्यांत सगळ्यांचंच वजन उतरतं. तीन-चार वर्षं झालेल्या दोघांना भेटवा, असं म्हणा. वजन पुन्हा किती वाढलं, केस गळले तेव्हा कोणी सांभाळून घेतलं, दर वर्षी हिमोग्लोबिन, बी-१२, डी-३ तपासायला क्लिनिकमधून फोन येतो का, हे त्यांना विचारा. मला गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर एक काका भेटले, पाच वर्षं झालेले. त्यांचं वजन परत नऊ किलो वाढलं होतं. ते म्हणाले, "मी लाजून जात नव्हतो. त्यांनीच चार फोन केले, बोलावून घेतलं." तिसऱ्या वर्षी, वजन वाढलेल्या पेशंटला जे फोन करतात, त्यांच्याकडे जायचं असं मी त्या सकाळी ठरवलं.

शेवटची पायरी : रात्रीचा फोन

प्रत्येक क्लिनिक इमर्जन्सीचा नंबर देतं. पैसे भरण्याआधी तो एकदा लावून बघा, सुट्टीच्या दिवशी, रात्री. मी रविवारी रात्री साडेदहाला लावला. दुसऱ्या रिंगला सिस्टरनी उचलला. मी म्हटलं, अजून ऑपरेशन झालेलं नाही, फक्त नंबर चालू आहे का पाहत होते. त्या जराही वैतागल्या नाहीत. नाव विचारलं, तारीख विचारली आणि म्हणाल्या, "बरं झालं केलात. हाच नंबर यजमानांच्या मोबाइलमध्येही ठेवा." सोमवारी सकाळी मी ॲडव्हान्स भरला.